पाककृतींचं विदागार आणि बाबांची वही

मंडळी, गेले चार विकांत मी एकाच प्रश्नावर खर्च केले आहेत. घरातल्या रेसिपी कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायच्या? प्रश्न ऐकायला फुटकळ आहे. दिवसभर हापिसात दुसऱ्यांच्या विदागारांची रचना करून पगार घेणाऱ्या माणसाला सव्वाशे पदार्थांची यादी म्हणजे काय, अर्ध्या तासाचं काम! निदान आमच्या सौभाग्यवतींचं मत तरी असंच होतं. तर अर्ध्या तासाचे चार विकांत कसे झाले ते सांगतो. तुमच्या घरी अशी एखादी जुनी वही असेल (असतेच), तर तुमचे दोन विकांत तरी वाचतील.

आधी वहीबद्दल. आम्ही मारेगावचे. यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या शेजारचा हा तालुका. कापसाचा मुलुख, जवळच वणीच्या कोळशाच्या खाणी आणि पलीकडे तेलंगणातलं आदिलाबाद. १९७३ साली बाबा मॅट्रिक होऊन कॉलेजसाठी यवतमाळला गेले आणि दोन मित्रांबरोबर खोली करून राहिले. खानावळ परवडणारी नव्हती. म्हणून निघायच्या आधी त्यांनी आजीला समोर बसवलं आणि ती सांगेल तसं एका शंभर पानी वहीत पेन्सिलीने उतरवून घेतलं. वरण, चून, भाकर, आंबाडीची भाजी, जवसाची चटणी, असा अगदी जगण्यापुरता अभ्यासक्रम. आजीला अक्षरओळख नव्हती. म्हणजे पाककृती तिच्या, पण ती वही तिला स्वतःला कधी वाचता आली नाही.

१९८० मध्ये आई लग्न होऊन या घरात आली आणि तिने तीच वही शाईच्या पेनाने पुढे चालवली. सांबारवडी, रोडगे, कोहळ्याचे बोंड, आणि खाणीच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या तेलुगू काकूंकडून शिकलेला चिंचेचा भात. बाबा २०१९ मध्ये गेले. त्यांच्या पेन्सिलीचं अक्षर दरवर्षी थोडं पुसट होतंय. मधल्या दोन पानांचे कोपरे वाळवीने खाल्लेत. बहीण बंगलोरला, मी पुण्यात, वही मारेगावात आईजवळ, आणि प्रत एकच. हापिसात कुणी असा विदा एकाच ठिकाणी, बॅकअप न घेता, वाळवीच्या शेजारी ठेवला तर आपण त्याला काय म्हणू?

तर कामाला लागलो.

संगणक स्वयंपाकघरात नेण्याची हौस तशी जुनी आहे. १९६९ साली अमेरिकेतल्या नीमन मार्कस या बड्या दुकानाच्या कॅटलॉगात हनीवेल कंपनीचा 'किचन कॉम्प्युटर' होता. किंमत फक्त १०,६०० डॉलर, आणि त्यात तो चालवायला शिकण्याचा दोन आठवड्यांचा वर्ग फुकट :-) गृहिणीने ओट्याशी उभं राहून बटणं वर-खाली करत बायनरीत आकडे भरायचे आणि दिव्यांच्या उघडझापीतून रात्रीचा बेत वाचायचा, अशी कल्पना. एकही विकला गेल्याची नोंद नाही.

गंमत बघा, त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७० साली, मराठीत कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं. त्यात मापं होती वाटीची आणि चमच्याची. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर बाईंनी एक स्टँडर्ड ठरवलं, आणि त्याला लागणारं उपकरण प्रत्येक मराठी घरातल्या मांडणीवर आधीपासूनच होतं. दहा हजार डॉलरच्या यंत्राला जे जमलं नाही ते एका वाटीने केलं.

पुढे डॉसच्या काळात 'मील-मास्टर' नावाचा प्रोग्राम आला. त्यातली रेसिपी साध्या मजकुराच्या फाईलमध्ये काढून देता येई. ती फाईल आजही कुठल्याही एडिटरमध्ये उघडते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आज पर्याय भरपूर आहेत. 'पॅप्रिका' हे २०१० पासूनचं ॲप: एकदा पैसे भरायचे, पण फोनसाठी वेगळे आणि लॅपटॉपसाठी वेगळे. 'मीली' आणि 'टँडूर' ही मुक्तस्रोत सॉफ्टवेअरं आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची. 'नेक्स्टक्लाउड'चं 'कुकबुक' प्रत्येक पाककृती एका जेसन फाईलमध्ये ठेवतं. 'कुकलँग'मध्ये साधा मजकूर लिहायचा आणि साहित्यावर खुणा करायच्या. लिनक्सवाल्यांना 'गुरमे' आठवत असेल. मराठीपुरतं बोलायचं तर १९९६ पासूनची मायबोली आणि २००७ पासूनची मिसळपाव ही आपली सार्वजनिक पाकघरं आहेतच. पण मला घरचं, खाजगी, कुलूप लावता येईल असं फडताळ हवं होतं.

इंजिनियर माणूस, त्यामुळे आधी चाचण्या ठरवल्या. वहीतल्या तीन पाककृती निवडल्या: सांबारवडी, रोडगे आणि 'लाल ज्वारीची भाकर (रेशनची)'. ज्या सॉफ्टवेअरमध्ये या तिन्ही नीट राहतील ते आपलं.

पहिली चाचणी: मापं

बहुतेक ॲप्समध्ये एक सोय असते. 'चार माणसांसाठी' खोडून 'दहा' लिहिलं की साहित्य आपोआप वाढतं. छान. पण आईने लिहिलंय 'दीड वाटी'. आणि दीड हा आकडा आहे हे मी वापरून पाहिलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. दीड नाही, सव्वा नाही, पाऊण नाही, अडीच तर नाहीच.

आपल्या आजोबांच्या पिढीने शाळेत पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी पाठ केली. साडेतीनचा पाढासुद्धा होता, औटकी. ज्या भाषेत अपूर्णांकांचे पाढे होते, त्या भाषेतली 'पावणेदोन वाट्या' आज यंत्रापुढे निव्वळ अक्षरं होऊन पडते. यावरचा उपाय मात्र सोपा निघाला. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच आणि 'साडे'चा एक नियम. पायथनच्या वीसेक ओळी. दीडकी पाठ करायला पोरांना जितके दिवस लागत असतील, तितकी मिनिटंही लागली नाहीत.

खरी अडचण वाटीची. ॲपमध्ये 'वाटी' नाही म्हणून यादीतला 'कप' निवडला, तर ते त्याला अमेरिकन कप धरतं, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर. आमच्या घरची वाटी आजोबांचं नाव कोरलेली, स्टीलची. आईला फोनवरून पाणी मोजायला लावलं, ती भरली १४० मिलिलिटर. म्हणजे कप निवडला असता तर सगळी वहीच पावणेदोनपट फुगली असती. बाबांच्या पानांवर तर 'चिपटं' आहे. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हा हिशेब पुस्तकात सापडतो. पण शेर गावोगाव बदलायचा. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, पण १९७३ साली आमच्या स्वयंपाकघरात तो पोचलेला दिसत नाही. सुदैवाने ते चिपटं अजून घरात आहे, आई त्यात हल्ली रांगोळी ठेवते. तिने ते धुऊन, ज्वारीने भरून, किराणा दुकानातल्या काट्यावर नेलं. पाव किलोला थोडी कमी भरली. झालं. ते चिपटं उद्या मोडीत गेलं असतं, तर बाबांच्या पानांवरचा प्रत्येक आकडा कायमचा निरर्थक झाला असता.

आणि माणसं वाढली की साहित्य त्याच पटीत वाढतं, हे गृहीतकच आईला मान्य नाही. "माणसं दुप्पट झाले म्हून तिखट का दुप्पट टाकतेत?" मीठ, तिखट, फोडणीचं तेल ही मंडळी सरळ रेषेत वाढत नाहीत. हे तिला सांगायला लागलं नाही, मला लागलं.

दुसरी चाचणी: शब्द

आमच्या सौभाग्यवती सांगलीच्या. पहिल्या पंचवीस पाककृती भरून झाल्यावर त्यांनी शोधखिडकीत 'कोथिंबीर' टाकलं. शून्य निकाल. मग वेगळ्याच उद्देशाने 'सांबार' टाकलं, तर अकरा निकाल, आणि एकाही पदार्थात तुरीची डाळ नाही :-)

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सांबारवडी म्हणजे कोथिंबीर, खोबरं, खसखस यांचं सारण भरून तळलेली वडी, कढीबरोबर खायची. इडलीशी तिचा काही संबंध नाही. तसंच भेदरं म्हणजे टोमॅटो. आलू म्हणजे बटाटा. बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा. फल्लीदाणे म्हणजे शेंगदाणे. चून म्हणजे पिठल्याच्या गोतातला पदार्थ. आणि सगळ्यात घातक कोहळं: आमच्याकडे ते लाल भोपळ्याचं नाव आहे. पुण्याच्या मंडईत कोहळा मागितलात तर पांढरं फळ हातात येईल आणि त्याचे बोंड काय होतील ते होतील.

इथे मोह होतो, सरळ शोधा-आणि-बदला मारायचं आणि वही 'प्रमाण' करून टाकायची. मी ते केलं नाही. आजीने सांबार म्हटलं, बाबांनी सांबार लिहिलं, आता मी पुण्यातून त्याची कोथिंबीर करणारा कोण? त्याऐवजी 'शब्द' नावाची एक वेगळी फाईल केली. प्रत्येक ओळीत एक जोडी: सांबार = कोथिंबीर. शोध घेताना प्रोग्राम दोन्ही शब्द शोधतो. मूळ मजकुराला हात नाही. या फाईलमध्ये आज ६४ जोड्या आहेत, आणि प्रामाणिकपणे सांगतो, पाककृतींइतकीच मला ती फाईल प्रिय झाली आहे.

एक तांत्रिक भोवरा याच प्रवासात भेटला, त्याची नोंद करून ठेवतो. 'वऱ्हाडी' या शब्दातला तो आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टंकता येतो. एक तर खाली टिंब असलेला ऱ आणि मग हलन्त. नाहीतर साधा र, हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. माझ्या फोनचा कीबोर्ड एक वापरतो, बहिणीचा दुसरा. त्यामुळे तिने भरलेल्या गोवऱ्या मला सापडेनात! युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण हे दोन प्रकार एकत्र करत नाही, ते आपणच करावं लागतं. 'ॲ'चंही तेच. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र आलं २००८ साली, त्याआधीचा मजकूर 'अ'वर चंद्र देऊन लिहिलेला असतो. जुना मराठी मजकूर चोप्य-पस्ते करणाऱ्यांनी जपून राहावे.

तिसरी चाचणी: चौकटी

आजची बहुतेक सॉफ्टवेअरं 'स्कीमा डॉट ऑर्ग'च्या रेसिपीच्या साच्याशी मिळतीजुळती असतात. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टचं बिंग यांनी मिळून २०११ मध्ये सुरू केलेला हा उपक्रम. साचा चांगला आहे. नाव, साहित्य, कृती, किती जणांसाठी, लागणारा वेळ. वेळ एका ठरावीक पद्धतीने लिहायचा, तीस मिनिटं म्हणजे 'पीटी३०एम'.

आता रोडगे घ्या. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, बरोबर वांग्याची भाजी आणि वरण. शेतातलं जेवण. वहीत वेळेच्या जागी आईने लिहिलंय: 'गोवऱ्या पांढऱ्या पडल्या की टाकायचे, टिचकी मारून पोकळ आवाज आला की काढायचे.' याची मिनिटं किती? वारा असेल तर एक, पावसाळी हवेत दुसरी. ही सूचना ढोबळ मुळीच नाही. उलट ती घड्याळापेक्षा काटेकोर आहे, कारण ती प्रत्यक्ष गोवरीकडे बघून ठरते. पण वेळेच्या चौकटीत फक्त आकडा बसत होता, आणि एका ॲपमध्ये ती चौकट रिकामी सोडता येत नव्हती.

आणि मग लाल ज्वारीची भाकर. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून जी लाल ज्वारी आली, 'मिलो', ती रेशनवर मिळायची. यवतमाळच्या खोलीत बाबांच्या वाट्याला तीच. तिच्या पिठाला चिकटपणा नाही, भाकर थापता थापता तुटायची. आजीने युक्ती सांगितली: उकळत्या पाण्यात पिठाची उकड काढायची, मूठभर उडदाचं पीठ घालायचं आणि लहान भाकर थापायची. पेन्सिलीने लिहिलेल्या सहा ओळी. शेवटी बाबांनी स्वतःचं एक वाक्य जोडलंय: 'गरम असताना खाणे, नंतर जात नाही.'

सॉफ्टवेअरने विचारलं: प्रकार कोणता? नाश्ता, जेवण, गोड, पार्टी, डाएट? आणि खाली पाच पोकळ चांदण्या. किती तारे देणार?

मी बराच वेळ त्या चांदण्यांकडे बघत बसलो. ही पाककृती कुणी पुन्हा करणार नाही, करूही नये. पण सव्वाशेतली एकच वाचवायची वेळ आली, तर मी हीच वाचवेन.

वहीत होतं, पण कुठल्याच चौकटीत नव्हतं

बाबांच्या पानांवर जागोजागी शीर्षकाशेजारी 'रॉ' किंवा 'को' अशी अक्षरं आहेत, गोल करून. मी अर्थ लावायचा प्रयत्न केला: को म्हणजे कोरडी भाजी? मग रॉ म्हणजे काय? आईला फोटो पाठवला. तिचा फोन लगेच आला. रॉ म्हणजे रॉकेलचा स्टोव्ह, को म्हणजे कोळशाची शेगडी. रॉकेल मोजून मिळायचं, म्हणून लवकर होणारे पदार्थ स्टोव्हवर आणि वरणासारखे वेळखाऊ पदार्थ शेगडीवर, अशी बाबांची वाटणी होती. अठरा वर्षांच्या पोराने इंधनाचं बजेट बसवलं होतं! हे आईला माहीत होतं, कारण लग्नानंतर तिने एकदा बाबांना विचारलं होतं. आता जगात हे माहीत असलेली ती एकटीच होती. त्या फोननंतर आम्ही तिघं आहोत.

त्या दिवसानंतर माझ्या तुलनेच्या तक्त्यात एक नवा रकाना आला. शोध चांगला आहे का, दिसतं छान का, फोनवर चालतं का, हे सगळं ठीक. पण आईला विचारायचे प्रश्न आणि तिची उत्तरं ठेवायला जागा आहे का? आणि 'कोणाकडून'? वहीत जवळजवळ प्रत्येक पदार्थाला माणूस चिकटलेला आहे. पांढरकवड्याच्या मामीचे रोडगे. क्वार्टरवाल्या काकूंचा भात. मो. आ. म्हणजे मोठ्या आईची चटणी. सॉफ्टवेअरमध्ये 'सोर्स' नावाची चौकट असते, पण तिथे त्याला वेबसाईटचा पत्ता हवा असतो.

बाहेर पडायचा दरवाजा

शेवटची कसोटी मी हापिसात प्रत्येक विक्रेत्याला लावतो, तीच इथे लावली. आत जायचा रस्ता सगळेच दाखवतात, बाहेर पडायचा कुठून? जिओसिटीजवर किती लोकांनी हौसेने पानं बांधली होती, २००९ मध्ये ती गेली. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं. एव्हरनोटने २०२३ मध्ये फुकट खात्यांना पन्नास टिपणांची मर्यादा घातली. पैसे घेणं हा गुन्हा नाही, पण नियम कधी बदलायचे हे आपल्या हातात नसतं. मुक्तस्रोत घेतलं म्हणजे अमरत्व मिळालं असंही नाही. 'गुरमे'चं मूळ काम पायथन २ वर राहिलं, आणि त्या पायथनचा आधार १ जानेवारी २०२० ला संपला. स्वतःचा सर्व्हर चालवायचा तर तो सांभाळणारा माणूस हवा. आमच्या घरी तो मी. मी नसेन तेव्हा बहिणीने डॉकर शिकायचं का?

हिशेब साधा आहे. वही ५० वर्षं टिकली. पुढची ५० वर्षं जे उघडेल ते हवं. अशा बाबतीत साध्या मजकुराच्या फाईलइतका खात्रीचा उमेदवार मला दिसत नाही.

मग केलं काय?

एक फोल्डर. प्रत्येक पाककृतीची युनिकोडमधली एक साधी मजकूर फाईल, पदार्थाच्या नावाने. फाईलमध्ये वर चार ओळी: कोणाकडून, कोणी लिहिलं, कोणत्या साली, कशावर (रॉकेल, कोळसा, गोवऱ्या, गॅस). त्याखाली मूळ मजकूर, जसाच्या तसा, शुद्धलेखन न सुधारता. त्याखाली 'आई म्हणते', म्हणजे माझे प्रश्न आणि तिची उत्तरं. शेजारी त्याच नावाचा वहीच्या पानाचा फोटो, कारण बाबांचं अक्षर टंकता येत नाही. जिथे हाताची गोष्ट आहे तिथे आईच्या आवाजाची ध्वनिफीत. 'मापं' आणि 'शब्द' या दोन फाईली. आणि शोधायला माझा दीडशे ओळींचा प्रोग्राम. तो उद्या बंद पडला तरी फाईली वाचायला कुणाचीही परवानगी लागणार नाही.

कुकलँगच्या खुणा मी आधी वापरून पाहिल्या होत्या. कल्पना सुरेख आहे, बाजारयादी आपोआप निघते. पण छापलेल्या पानावर '@सांबार' बघून आईने विचारलं, "हे काय ईमेल हाय का?" खुणा काढल्या.

छापलेलं पान का, तर आईचा इंटरफेस तोच आहे. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, फोनवर ती फोटो बघते पण मजकूर वाचत नाही. म्हणून दर महिन्याला दहा पानं मोठ्या टाईपात छापून मारेगावला पाठवतो. ती लाल पेनाने दुरुस्त्या करते आणि शेजारच्या पोराकडून फोटो काढून व्हॉट्सॲपवर धाडते. त्या मी फाईलमध्ये घालतो. बदलांची नोंद गिटमध्ये राहते, त्यामुळे आधी काय होतं, आईने काय बदललं आणि कधी, सगळं दिसतं. हापिसात माझ्या कोडचं इतकं कडक परीक्षण कुणी केलेलं नाही.

प्रती तीन: माझ्या लॅपटॉपवर, बहिणीकडच्या पेनड्राइव्हवर, आणि कागदावर स्पायरल घालून मारेगावला.

तुम्हाला हेच करा असं म्हणत नाही. तुमच्या रेसिपी मुख्यतः महाजालावरून गोळा केलेल्या असतील, आठवड्याचा बेत आणि बाजारयादी हवी असेल, तर वर सांगितलेल्यांपैकी कुठलंही ॲप घ्या, सुखाने राहाल. फक्त पहिल्याच दिवशी पाच पाककृती भरून 'एक्स्पोर्ट'चं बटण दाबून बघा आणि बाहेर आलेली फाईल दुसऱ्या कशात उघडते का ते पाहा. मराठीत लिहिणार असाल तर शोधखिडकीत 'वऱ्हाडी' टाकून बघा. आणि घरच्या वाटीत किती मिलिलिटर पाणी मावतं ते आज मोजून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे.

पण तुमच्याकडे वही असेल, तर सॉफ्टवेअर पुढच्या महिन्यात निवडलंत तरी चालेल. आधी सगळ्या पानांचे फोटो काढा, आणि वही वाचू शकणाऱ्या माणसाला फोन लावा. सॉफ्टवेअरं नवी येत राहतील. 'रॉ' आणि 'को'चा अर्थ सांगणारं माणूस मात्र एकच असतं.

असो. सव्वाशेपैकी आजवर ५२ झाल्या. गेल्या आठवड्यात लाल ज्वारीच्या भाकरीचं पान मारेगावहून परत आलं. १९७२ मध्ये आई बारा वर्षांची होती, ती ज्वारी तिच्या माहेरीही आली होती. बाबांच्या 'नंतर जात नाही'च्या खाली तिने लाल पेनाने लिहिलंय: 'दुसऱ्या दिवशी ताकात कुस्करून जाते.'

गिटमध्ये नोंद केली: 'आई: शिळ्या भाकरीची सोय.'

ता.क. ताऱ्यांची चौकट ठेवलेली नाही.